बाल्कनीतली स्ट्रॉबेरी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पाऊस ओसरला की या सदराकडे स्ट्रॉबेरीची पत्रं यायला लागतात, यंदा इतकी आली की पूर्ण सदर तिलाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं न छापता फक्त गावं दिलीत. रोपं लावायची तर आत्ताच, दिवाळीच्या मागेपुढे, म्हणून लांबलचक उत्तरं दिलीत, चालवून घ्या.

प्रश्न (डोंबिवली): ताई, आमचा वन बीएचके, तिसरा मजला. हॉलच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे, पाचेक फूट लांब आणि दीड फूट खोल, पूर्वेकडे तोंड. ऑनलाइन ते एकावर एक ठेवायचे पाकळ्यांच्या आकाराचे प्लांटर बघितले, पाच मजली, फोटोत सगळीकडून स्ट्रॉबेरी लटकतायत, आणि आता मुलगी हट्ट धरून बसलीय. घेऊ का? आणि आपल्याकडच्या उकाड्यात येते तरी का स्ट्रॉबेरी?

उत्तर: येते, पण डिसेंबर ते फारतर मार्च एवढेच दिवस, हे मुलीला आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर हिरमोड नाही होणार. कसंय, आपल्याकडे ज्या जाती मिळतात, विंटर डॉन, कॅमारोसा, स्वीट चार्ली वगैरे, त्यांना फुलं धरायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात. दिवसाचा प्रश्न आपल्याला नाहीच, महाराष्ट्रात भर जूनमध्येसुद्धा दिवस साडेतेरा तासांच्या आतच असतो, तेवढा त्यांना चालतो, सगळं अडतं ते रात्रीच्या गारव्यावर. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर, तिथे दसरा-दिवाळीपासूनच रात्री गार होतात. पुण्यात जानेवारीत पारा अकरा-बारापर्यंत उतरतो, तेही चालतं. मुंबईत मात्र सोळा-सतराच्या खाली फार कमी रात्री जातात, तुमच्याकडे त्याहून जरा बरं. म्हणून मी तुम्हाला सांगेन की प्लांटर नंतर, आधी रोप नीट निवडा. महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागातल्या नर्सरीत वाढलेलं रोप मागवा, ते थंडीत राहून आलेलं असलं तर बरेचदा फुलोऱ्याची तयारी करूनच येतं आणि मग तुमच्या ग्रिलमध्ये त्याला फक्त ती तयारी पूर्ण करायची असते.

आता प्लांटर. पूर्वेचं सकाळचं चार-पाच तास ऊन तुम्हाला मिळत असेल, सहा मिळालं तर उत्तमच, आणि दुपारचं कडक ऊन लागत नाही ही तर चांगलीच गोष्ट. पण ग्रिलमध्ये ऊन फक्त एका बाजूने येतं. पाच मजली मनोऱ्यात वरचे दोन मजले उन्हात, मधला अर्धवट आणि खालचे दोन वरच्यांच्या सावलीत, शिवाय भिंतीकडच्या पाकळ्यांना तर काहीच मिळत नाही. तो फोटो मोकळ्या गच्चीवरचा असतो. घ्यायचाच असेल तर तीन मजल्यांवर थांबा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव फेरा फिरवत जा. पाकळी निदान सहा इंच खोल आहे ना हेही बघून घ्या, स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या सहा-आठ इंचातच असतात पण चार इंचाच्या वाटीत तिला दुपारपर्यंतसुद्धा पाणी पुरत नाही.

मला स्वतःला ग्रिलसाठी पन्हळ जास्त पटते. सहा इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा, वरून एक तृतीयांश उभा कापून काढायचा, दोन्ही टोकांना कॅप, तळाला दर सहा इंचावर एक भोक, आणि ग्रिलच्या पट्ट्यांना क्लॅम्पने आडवा बसवायचा. अशा दोन पन्हळी एकीखाली एक, मध्ये सव्वा-दीड फूट अंतर ठेवून. पाच फुटाच्या एका पन्हळीत नऊ-नऊ इंचावर सहा रोपं आरामात बसतात, म्हणजे दोन्ही मिळून बारा, सगळ्यांना समोरून ऊन, फळं पुढे लोंबतात त्यामुळे मातीला टेकून सडत नाहीत, आणि मुलीला हात घालून तोडताही येतात. खाली ट्रे मात्र लावा, नाहीतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळणार आणि भांडण तुमच्या दारात येणार.

प्रश्न (पुणे, सिंहगड रोड): मी ऑनलाइन निळ्या, काळ्या आणि लाल स्ट्रॉबेरीच्या बियांचं कॉम्बो पाकीट मागवलं. महिना झाला, निळ्यातून काहीच नाही, काळ्यातून गवतासारखं काहीतरी आलंय. बाजारातल्या स्ट्रॉबेरीवरच्या बिया पेरल्या तर येतील का?

उत्तर: निळी स्ट्रॉबेरी जगात नाही. ते रंगवलेले फोटो असतात. विक्रेत्याकडे तक्रार करून पैसे परत मिळतात का बघा आणि ते गवत उपटून टाका.

बाजारातल्या फळाच्या बिया उगवतात पण त्यात अर्थ नाही. एक तर ती इवलीशी बी पंधरा दिवस ते दीड महिना घेते उगवायला, तेही मातीवर नुसती भुरभुरवून, कारण तिला उजेड लागतो, आणि मग रोप फळाला येईपर्यंत आपली थंडी संपून गेलेली असते. दुसरं म्हणजे आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळातच संकरित. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेची एक आणि चिलीची एक अशा दोन रानटी जाती फ्रान्समधल्या बागांमध्ये शेजारी शेजारी आल्या आणि त्यातून ही निघाली, त्यामुळे बीपासून येणारं प्रत्येक रोप वेगळं निघतं, गोड निघेलच याची काही खात्री नाही. म्हणूनच शेतकरी बी लावतच नाहीत. परदेशातून मातृरोपं येतात, पावसाळ्यात नर्सरीत त्यांना रनर, म्हणजे दोऱ्यांसारख्या लांब फांद्या, सुटतात, प्रत्येक रनरच्या टोकाला एक बाळरोप धरतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तीच रोपं शेतात जातात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही दरवर्षीची मेहनत आहे.

तुम्ही पुण्यात आहात म्हणजे वाई काही लांब नाही. एखाद्या रविवारी जाऊन नर्सरीतून दहा-बारा रोपं घेऊन या. रोप घेताना पानं न बघता खाली बघा, पानं जिथून फुटतात तो जाड ठोंब, त्याला क्राऊन म्हणतात, तो निदान पेन्सिलीएवढा जाड आणि टणक हवा, आणि मुळं पांढरट-पिवळसर. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली असतील तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): गच्चीवर सहा इंची पाइपचा पाच फुटी टॉवर स्वतः बनवला, भोकं पाडून चौदा रोपं लावली. बागेतली काळी माती आणि शेणखत अर्धं अर्धं. आता वरची रोपं दुपारी माना टाकतात, खालची दोन सडली, आणि मधल्यांची नवीन पानं पिवळी पडतायत पण शिरा हिरव्याच आहेत. पाणी बोअरचं, आणि फिल्टरचं वाया जाणारं पाणी पण वापरतो, वाया कशाला घालवायचं म्हणून. कुठे चुकतंय?

उत्तर: तुम्ही सगळं इतकं नीट लिहिलंत की उत्तर तुमच्या पत्रातच आहे.

पाणी. टॉवरला वरून पाणी घातलं की काळी माती ते वरच्या वर धरते, मग ती आकसून पाइपच्या कडेपासून सुटते आणि पुढचं पाणी त्या फटीतून सरळ तळाला. वरचे तहानलेले, खालचे बुडालेले. यावर उपाय म्हणजे मधोमध एक इंची पाइप उभा सोडायचा, खालचं टोक बंद, आणि त्याला चार-चार मिलीमीटरची भोकं पाडायची, पण ती सगळीकडे सारखी नाही पाडायची, वरच्या अर्ध्यात दाट आणि खालच्या अर्ध्यात अगदी विरळ, कारण खाली पाण्याचा दाब जास्त असतो, थोड्या भोकांतूनही भरपूर जातं. बाहेरून गोणपाट किंवा जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा म्हणजे भोकं बुजत नाहीत. पाणी या मधल्या पाइपात हळूहळू घालायचं, सकाळी, आणि बाहेरच्या पाइपच्या तळाला निचऱ्याची भोकं मोकळी आहेत ना बघायचं.

माती. काळी माती कुंडीत नकोच, स्ट्रॉबेरीसाठी तर मुळीच नको. महाबळेश्वरची जमीन तांबडी, आम्लधर्मी आणि पाणी न धरणारी, तिला तेच आवडतं, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल याचं माप) साडेपाच ते साडेसहा. तुम्ही टॉवर रिकामा करून चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग गांडूळखत, दोन भाग लाल माती आणि एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू असं भरा, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. साधारण सत्तावीस लिटर माल मावतो तुमच्या पाइपात आणि ओला झाल्यावर तो पंचवीस-तीस किलो भरतो, तेव्हा टॉवर कठड्यापाशी नुसता उभा ठेवू नका, भिंतीला पट्टी मारून आवळा.

आणि पिवळी पानं. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं हो, पण सामू चढला की रोपाला ते उचलता येत नाही, आणि बोअरचं जड पाणी रोज घालून तो चढतच जातो. त्यात फिल्टरचं वाया जाणारं पाणी म्हणजे तर साध्या पाण्यातले सगळे क्षार गाळून एकवटलेले. वाया न घालवण्याचा विचार अगदी चांगला आहे, त्या पाण्याने लादी पुसा, गाडी धुवा, पण स्ट्रॉबेरीला घालू नका, क्षाराच्या बाबतीत ती फार नाजूक आहे, आधी पानांच्या कडा करपतात आणि मग रोप बसतं. त्यापेक्षा एसीचं साठवलेलं पाणी किंवा पावसाचं पाणी चालेल. सध्यापुरतं कृषी केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, आणून पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने पानांवर संध्याकाळी फवारा, आठवड्यात नवीन पान हिरवं दिसायला लागेल, पण माती आणि पाणी बदललं नाही तर पुन्हा तेच होणार.

खालची दोन सडली त्यांचं आणखी एक कारण असू शकतं. आडव्या भोकात रोप लावताना क्राऊन मातीत गाडला जातो. क्राऊनचा मध्य, जिथून नवी घडी केलेली पानं वर येतात, तो बरोब्बर मातीच्या रेषेवर हवा. खाली गेला की कुजतो, वर राहिला की मुळं उघडी पडून सुकतात. टॉवरमध्ये हे जमत नाही म्हणून लोक भोकात ओठासारखी बाहेर आलेली खोबण करतात, पाइपला आडवा चीर देऊन हीट गनने गरम करायचं आणि बाटली घालून बाहेर फुगवायचं. तुमच्याकडे साधी भोकं आहेत तर रोप थोडं वरच्या दिशेला तिरकं लावा आणि भोवती नारळाचा काथ्या ठासा, म्हणजे पाणी घालताना माती वाहून क्राऊनवर येणार नाही.

प्रश्न (ठाणे, चौदावा मजला): फुलं भरपूर आली पण फळं वेडीवाकडी, एक बाजू फुगलेली आणि एक बाजू दगडासारखी घट्ट. खत कमी पडतंय का?

उत्तर: खत नाही, मधमाश्या कमी पडतायत. एखादं वाकडं फळ हातात घेऊन नीट बघा. वरचे ते पिवळे दाणे ज्यांना आपण बिया म्हणतो तीच खरं तर स्ट्रॉबेरीची फळं आहेत आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. ज्या दाण्याला पराग मिळाला त्याच्याच भोवतीचा गर फुगतो, ज्याला नाही मिळाला तो दाणा बारीक राहतो आणि तिथला गर आत ओढल्यासारखा होतो. तुमच्या फळाच्या घट्ट बाजूला दाणे अगदी जवळजवळ चिकटलेले दिसतील, म्हणजे तिथे पराग पोचलाच नाही.

चौदाव्या मजल्यावर माश्या कमीच येतात. तेव्हा काम तुम्ही करायचं. मुलांच्या चित्रकलेचा मऊ ब्रश घ्या, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान फूल कोरडं असताना मधल्या पिवळ्या घुमटावर आणि भोवतीच्या परागकोशांवर हलकेच गोल फिरवा, सगळीकडून, एकाच बाजूने नाही. एक फूल तीन-चार दिवस पराग घेतं, तेवढे दिवस रोज. त्याच फुलाचा पराग त्यालाच चालतो, दुसरी जात लागत नाही. शेजारी झेंडू किंवा तुळशीची कुंडी ठेवून बघा, माश्या यायला लागल्या तर तुमचं काम वाचेल. आणि पहिल्या फुलाचं फळ सगळ्यात मोठं, त्याच दांड्यावरची पुढची लहान होत जातात, तो तिचा स्वभाव आहे.

प्रश्न (मडगाव, गोवा): गोव्यात जमेल का?

उत्तर: नेत्रावळीच्या डोंगरात वेर्लें गावात शेतकरी घेतात की स्ट्रॉबेरी, तिथे रात्री पारा उतरतो. मडगावात किनाऱ्याजवळ जानेवारीतही रात्री वीसच्या आसपास, शिवाय दमट हवा, त्यामुळे हौसेला चार रोपं हँगिंग बास्केटमध्ये लावा, बारा इंची बास्केटला तीन याप्रमाणे, वारा खेळता राहील अशा जागी. टॉवरवर पैसे घालू नका असं मी स्पष्टच सांगेन.

प्रश्न (नाशिक): पानांवर पांढरी पावडर येते, आणि फळ जरा लाल झालं की बुलबुल चोच मारून जातो. मग आम्ही अर्धकच्चीच तोडून घरात पिकवतो, पण आंबटच राहतात.

उत्तर: पावडर म्हणजे भुरी. रोपं दाटीने लावली आणि हवा खेळली नाही की येते. जुनी खालची पानं काढून टाका, पाणी पानांवर नको, आणि लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम पाण्यात विरघळणारं गंधक घालून थंड वेळी फवारा, फळं तोडून झाल्यावर. त्याच्या पुढेमागे पंधरा दिवस नीमतेल मारू नका, दोन्ही एकत्र झालं की पानं भाजतात. पानाच्या मागे बारीक जाळी आणि वर ठिपके दिसले तर तो लाल कोळी, फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत हमखास, त्याला मात्र पानाच्या मागच्या बाजूने साध्या पाण्याचा जोरदार फवारा सकाळी सकाळी द्या, पानं दुपारपर्यंत सुकली पाहिजेत.

स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होईल पण गोडी तिथेच थांबते. देठापर्यंत पूर्ण लाल होऊ द्या, मग आणखी एक दिवस, आणि कात्रीने देठासकट कापा. बुलबुलासाठी बारीक जाळी हाच उपाय, पण फुलांच्या दिवसात ती सकाळी उघडी ठेवा, नाहीतर माश्याही बाहेरच राहतील.

प्रश्न (नागपूर): फळं संपली की रोपांचं काय करायचं? आमच्याकडे उन्हाळा माहीतच आहे तुम्हाला. आणि मधेच लांब लांब दोऱ्यांसारख्या फांद्या सुटतायत त्या ठेवायच्या का?

उत्तर: त्या दोऱ्या म्हणजे रनर. फुलं-फळं चालू असेपर्यंत दिसला रनर की काप, नाहीतर सगळी ताकद तिकडे जाते. मार्चमध्ये फळं कमी झाली की मग दोन-तीन धडधाकट रोपांचे रनर सोडा, टोकाच्या बाळरोपाखाली चहाच्या कागदी कपात कोकोपीट भरून ठेवा, केसाच्या पिनेने टोक दाबून, तीन-चार आठवड्यांत मुळं धरली की नाळ कापा.

नागपूरच्या पंचेचाळीस अंशात ती जगवायची तर दुपारनंतर पूर्ण सावली, वर पन्नास टक्के शेडनेट, मातीवर वाळलेल्या गवताचा जाड थर आणि दिवसातून दोनदा थोडं थोडं पाणी. टॉवरमधली नाही जगत, पाइप तापतो आणि मुळं शिजतात, त्यांना मातीच्या कुंडीत हलवा आणि जमिनीवर ठेवा. खत बंद. मग पावसाळ्यात उलटा त्रास, सतत भिजलं की क्राऊन कुजतो, तेव्हा छताखाली घ्या. एवढं सगळं करून ऑक्टोबरात ती रोपं पुन्हा लावली तरी फळं नव्या रोपांपेक्षा कमीच येतात. माझं मत असं की दरवर्षी नवी रोपं आणावीत, पण ज्यांना जगवण्यातच आनंद आहे त्यांनी दोन-तीन जरूर जगवावीत, त्यातूनच हात तयार होतो.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे डेकवर उभ्या प्लांटरमध्ये लावलीय, जूनमध्ये छान आली. आई म्हणते हिवाळ्यात घरात घे, हीटिंग आहे तिथे. घेऊ का?

उत्तर: आईंना सांगा, इथे गोष्ट उलटी आहे. आपल्याकडे थंडीत स्ट्रॉबेरी फळते, तुमच्याकडे थंडीत ती झोपते, आणि ती झोप तिला हवीच, उबेत ठेवली तर पुढच्या वर्षी रोप अशक्त होतं. पण डेकवरही सोडू नका, जमिनीत मुळांना ऊब असते, प्लांटरमध्ये ती चारही बाजूंनी गोठतात. पानं कोमेजून बसली की, साधारण नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर, प्लांटर हीटिंग नसलेल्या गॅरेजमध्ये न्या, माती अगदी कोरडी होऊ नये इतकंच पाणी महिन्यातून एक-दोनदा. एप्रिलमध्ये बाहेर काढा, रात्री पुन्हा गोठायला लागलं आणि फुलं आलेली असतील तर जुनी चादर टाका. जूनसोबत सप्टेंबरातही फळं हवी असतील तर पुढच्या वेळी आल्बियन किंवा सीस्केप या जाती लावा, त्यांना दिवसाच्या लांबीचं बंधन नसतं.